खापर मशेरीच्या डबीवर

महिलांचं आरोग्य शिबिर म्हटलं की एक भाषण ठरलेलं असतं. हारतुरे झाले, समई लागली, की कुणीतरी माइक हातात घेतं आणि समोर बसलेल्या बायकांना त्यांच्या दुखण्यांचं मूळ समजावून सांगतं. तुम्ही मशेरी लावता, तंबाखू मळता, तुमच्यातल्या काही जणी दारूही घेतात. मग अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अशक्त पोरं, पिशवीचा कॅन्सर हे सगळं मागे लागणारच. व्यसन सोडा, आजार आपोआप सुटेल. बायका माना डोलावतात, लोहाच्या गोळ्यांची पट्टी पदराला बांधतात आणि उठतात. मुरुड, एकदरा, राजपुरी, आगरदांडा, नांदगाव, बोर्ली, या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही हे भाषण पाठ असेल. कोळीवाड्यात ते जरा सौम्य होतं, कातकरवाडीवर जरा उद्धट.

या भाषणात निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणं भाग आहे. निव्वळ खोटं असतं तर बायकांनीच हसण्यावारी नेलं असतं.

आधी खरं काय ते बोलू. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. विकतची पुडी मिळते, पण घरी भाजलेलीच बरी असं मानणाऱ्या पुष्कळ. भाजताना घरभर ठसका उठतो, पोरं खोकत अंगणात पळतात. मग ती भुकटी पत्र्याच्या डबीत जाते आणि डबी कमरेला. पहाटे डोळे उघडले की तर्जनीवर चिमूटभर घ्यायची, हिरड्यांवरून फिरवायची आणि तोंड धरून बसायचं. तिने दात साफ होतात, दाढ दुखायची राहते, लावल्याशिवाय परसाकडेला होत नाही, ही कारणं आजीकडून सुनेकडे जशीच्या तशी येतात. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली तेव्हा टपऱ्यांवर छापे पडले. तव्यावरच्या मशेरीवर कोण छापा घालणार?

तिचं नुकसान मात्र मोजलेलं आहे. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यातल्या १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मशेरीच. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. मुळात अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाचे शंभर ग्रॅम गेले तर काय होतं हे कुठल्याही आशाताईला विचारा. तोंडाचा कॅन्सर तर आहेच. तेव्हा ‘आमची परंपरा आहे, शहरातल्यांनी नाक खुपसू नये’ असं म्हणत मशेरीची बाजू घेणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. परंपरा असेल, निकोटीन ते बघत नाही.

पण त्याच दमात ‘अंगावरून जाणं’ जोडलं की तिथे विज्ञान संपतं आणि टोमणा सुरू होतो. योनिमार्गाची आणि गर्भाशयाच्या मुखाची जंतुलागण मशेरीने होत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूपासून सुरू होतो, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. विडी-सिगारेटमुळे या कर्करोगाचा धोका वाढतो हे सिद्ध आहे, पण कोळीवाड्यात विडी ओढणाऱ्या बायका किती? हा विषाणू आणि यातले पुष्कळ जंतू बाईपर्यंत कुणीतरी आणून पोचवतं. व्यसनाच्या भाषणात त्या कुणातरीचं नाव कधीच येत नाही. तो शिबिराच्या मंडपातही नसतो. तो बोटीवर असतो, नाहीतर नाक्यावर.

पुण्यात हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लख्ख दिसलं होतं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्ही तपासणी केली. त्यातल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात निम्म्या जणींना लागण होती, याचं कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या गटात ती १३.६ टक्के निघाली, आणि यातल्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, एका नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध नसलेल्या होत्या. त्यांचं जोखमीचं वर्तन कोणतं? लग्न. हा अभ्यास १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, जगभर त्याचा दाखला दिला गेला. आपल्याकडे शिबिरातलं भाषण मात्र त्याच्या आधी होतं तसंच राहिलं.

दारूचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या ०.४ टक्के बायकांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. पुरुषांत हाच आकडा १३.९. बायका पाहणी करणाऱ्याला सगळं खरं सांगत नसतील हे धरलं, कातकरवाडीवर बाईही घेते हे मान्य केलं, तरी हा फरक लपण्यातला नाही. दारू बाईच्या शरीरापर्यंत पोचते ती मुख्यतः नवऱ्याच्या वाटेने: रात्री नकार देता न येणं, निरोधाचं नाव काढलं तर ‘कुणासाठी सांगतेस’ अशी उलटतपासणी, आणि हात उगारणं. लग्नाच्या बायकोवरची जबरदस्ती बलात्कार धरायची नाही हा अपवाद २०२३ च्या नव्या न्याय संहितेनेही तसाच ठेवला. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर निरोधाचं काम केलं. त्या बायका गिऱ्हाइकाला निरोध लावायला भाग पाडायला शिकल्या, एकमेकींना शिकवू लागल्या. संसारातल्या बाईला ती सोय नाही. गिऱ्हाइकाला दार दाखवता येतं.

आता दवाखान्यात काय होतं ते जवळून पाहू, कारण खरी गोम तिथे आहे.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांची औषधं रंगीत किटमध्ये येतात. लक्षण पाहून किट द्यायचं, प्रयोगशाळेची वाट बघायची नाही, अशी ती पद्धत, आणि गरीब देशासाठी ती शहाणपणाची आहे. योनिमार्गातून स्राव जात असेल तर हिरवं किट. स्राव गर्भाशयाच्या मुखातून येत असेल तर राखाडी. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. बाहेरून मात्र दोन्ही स्राव सारखेच. बाई दोन्हींना ‘पांढरं जातं’ असंच म्हणते. हिरवं की राखाडी हे ठरवायचं तर तिला टेबलावर घेऊन, स्पेक्युलम लावून, उजेडात आत बघावं लागतं. त्यासाठी टेबल हवं, पडदा हवा, दिवा हवा, उकळलेली उपकरणं हवीत, तपासणारी बाई असली तर उत्तम, आणि दहा मिनिटं हवीत. यातलं एखादं जरी नसलं तरी तपासणी टळते आणि किट अंदाजाने दिलं जातं. अंदाज चुकला की बाई म्हणते, औषधाने गुण येत नाही. मग ती पुन्हा येत नाही, आणि आपण म्हणतो, या बायका पाठपुरावा करत नाहीत.

दुसरी गोम याहून मोठी. राखाडी आणि पिवळ्या किटच्या उपचारात जोडीदारालाही औषध द्यायचं असतं. नाही दिलं तर बाई बरी होते आणि पुढच्या खेपेला नवऱ्याकडून तीच लागण परत घेते. नियम कागदावर चोख आहे. पण नवरा खलाशी आहे, आठवडाभर दर्यावर आहे. किनाऱ्याला लागला की बर्फ, डिझेल, लिलाव, मग झोप, मग बाटली. त्याला कुठलंच लक्षण नाही, मग तो गोळी का खाईल? आणि बायकोने पुडी पुढे केली तर तिला दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात: मी ‘तसल्या’ दवाखान्यात गेले होते, आणि मला वाटतं हे तुझ्याकडून आलं. किती घरांत हे वाक्य पुरं बोलून होईल? या सगळ्या साखळीत मशेरीची डबी कुठेच नाही.

‘पण बायका लाजतात, पुढेच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’ हे भाषणकर्त्याचं ठेवणीतलं उत्तर. त्याला गडचिरोलीने १९८९ मध्येच उत्तर दिलेलं आहे. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. लाजत असत्या तर या ६५० जणी आल्या कुठून? गावात कुणीतरी विश्वासाने गेलं, बाईने बाईला विचारलं, आणि त्या आल्या. तेव्हाच्या गडचिरोलीपेक्षा मुरुडच्या बायका कितीतरी बोलक्या. लिलावात व्यापाऱ्याला घाम फोडणारी कोळीण लाजते म्हणून आजारी राहते, हे मला कुणी पटवून द्यावं. ती लाजत नाही. बाजार सोडून, दिवसाची कमाई बुडवून, दोन तास रांगेत बसून, शेवटी तपासणी न होताच गोळ्या घेऊन परत येण्यात तिला अर्थ दिसत नाही, आणि तिचा हिशोब बरोबर आहे. मुरुडहून जिल्हा रुग्णालय अलिबागला, पन्नासेक किलोमीटरवर. काशीदमार्गे साळावचा पूल ओलांडून जायचं, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांच्या गर्दीतून. तिथे ‘उद्या या’ ऐकलं की तो दिवस गेला आणि दुसराही.

बीडचं उदाहरण अशा वेळी आठवावंच लागतं. तिथे ऊसतोड कामगार बायकांच्या अंगावरून जाण्यावर, पोटदुखीवर वेळेत साधी तपासणी झाली नाही. थेट पिशवी काढली गेली. २०१९ च्या सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांनाही व्यसनावर भाषणं मिळालीच असतील.

तपासणी महाग आहे, डॉक्टर नाहीत, ही सबबही टिकत नाही. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून कामाला लावलं. गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे शिरक्याच्या जातीचंच द्रावण, लावायचं, पांढरा डाग उठतो का ते बघायचं, उठला तर पुढे पाठवायचं. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ ग्रामीण बायकांच्या अभ्यासात एचपीव्हीची आयुष्यातली एकच चाचणी झालेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते निष्कर्ष २००९ मध्ये जगासमोर गेले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे बरंच वादंग झालं आणि ते रास्त होतं. त्या बायकांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान तरी वापरायला हवं होतं. देशात तीस ते एकोणपन्नास वयातल्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही, असं तीच कुटुंब आरोग्य पाहणी सांगते.

आता शिबिर कधी भरतं ते बघा. महिला दिनाला, म्हणजे मार्चमध्ये. वर्षअखेरीचा निधीही तेव्हाच खर्चायचा असतो. वेळ सकाळी अकराची. मार्च म्हणजे सुकवणीचा हंगाम. वलांडीवर बोंबील, खळ्यावर जवळा, आणि वाळत घातलेल्या मासळीवर कावळ्या-कुत्र्यांची राखण. सकाळी अकरा म्हणजे बाजाराची वेळ. नवरे दर्यावर. कातकरी कुटुंबं तर वाडीवरच नसतात. दिवाळीनंतर उचल घेऊन जोडीने वीटभट्टीवर गेलेली असतात, आठवड्याच्या खर्चीवर जगत असतात, आणि भट्टी बंद होईस्तोवर परतत नाहीत. मग मंडपात कोण येतं? बचतगटाच्या त्याच त्या पंचवीस-तीस बायका. जिच्यासाठी शिबिर, ती त्या दिवशी तालुक्यातच नसते, आणि अहवालात ‘प्रतिसाद अल्प’ अशी नोंद होते.

दर्यावर जाणाऱ्यांचं वर्ष वेगळं चालतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला, नवरा घरात. नेमके हेच दोन महिने कातकरी कुटुंबंही वाडीवर असतात. दिवसभर लावणीला गेली तरी संध्याकाळी सापडतात. नवरा-बायकोला एकाच वेळी औषध देता येईल, सात-आठ दिवसांनी पुन्हा बघता येईल, चुकली तर तिसऱ्यांदा बोलावता येईल, असा वर्षातला हा एकच काळ. पाऊस असतो, दरड कोसळते, वीज जाते, हे सगळं खरं. म्हणून तर मंडप नको; कोळीवाड्यातलं समाजमंदिर पुरे. कातकरवाडीवर अंगणवाडीची खोली, संध्याकाळी सहानंतर.

याच दोन महिन्यांत हातात पैसा नसतो आणि वेळ असतो, म्हणून दारूही वाढते. हा मुद्दा टाळून चालणार नाही. दारूबंदीवाल्यांचं म्हणणं असतं की आधी दुकान बंद करा, बाकी आपोआप होईल. कायदा बायकांना हत्यार देतो: पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ निवडली तर परवाना जातो. हे हत्यार जरूर वापरावं. फक्त त्याने परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला परवाना नसतो, त्यामुळे तिला मत देऊन उठवता येत नाही. आणि वाडीवर पोचते ती हातभट्टीच. शिवाय दुकान उठल्याने कालची लागण बरी होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

मशेरी सोडवायची तरी कशी, हेही त्याच तपासणीच्या टेबलापाशी ठरेल. पहाटे तीनला उठून बंदरावर उभी राहणारी, दुपारपर्यंत पोटात चहापलीकडे काही नसलेली बाई निकोटीनवर भूक मारते. बर्फात कोळंबी सोलून बधिर झालेल्या बोटांनी ती डबी उघडते तेव्हा तिला दोन घटका उभं राहायचं असतं. वीटभट्टीवरच्या बाईच्या संध्याकाळच्या घोटाचंही तसंच आहे. दिवसभर चिखल तुडवून कंबर रात्री झोपू देत नाही. हे ऐकून न घेता ‘सोड’ म्हणणारा माणूस तिच्या लेखी शिव्या देणाऱ्या सासूच्या रांगेत जाऊन बसतो. गरोदरपणात बाई मशेरी कमी करायला तयार होते, कारण तेव्हा तिला बाळाचे शंभर ग्रॅम समजतात. तिची दाढ तपासा, तिचं रक्त वाढवा, दुपारच्या आत तिच्या पोटात काही जाईल असं बघा, आणि मग डबीचा विषय काढा. दाढ किडलेली ठेवून मशेरी सोडवणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलली की मंडपात खाकरणं सुरू होतं. बोलवायचं तर पुरुषांना बोलवा. मच्छिमार सहकारी संस्थांकडे बोटींची यादी असते, डिझेलचा कोटा असतो, कोणत्या घरचा माणूस बोटीवर जातो हे माहीत असतं. डिझेलच्या सह्यांसाठी जे नाखवे आणि खलाशी तासभर रांगेत उभे राहतात, ते रक्त तपासायलाही उभे राहू शकतात, चेअरमनने हाक दिली तर. कातकरवाडीवर हे वीटभट्टीच्या मुकादमाच्या तोंडून होणार नाही. तिथे आशाताईला बरोबर एखादा पुरुष आरोग्यसेवक द्यावा लागेल. नवऱ्याची पुडी बायकोच्या हाती पाठवणं मात्र बंद करा. ती पुडी घेऊन घरी जाणं हे त्या बाईवर लादलेलं सगळ्यात जोखमीचं काम आहे.

मुरुड तालुक्यातल्या ग्रामपंचायती, मच्छिमार संस्था आणि आरोग्य खात्यातले अधिकारी हा लेख वाचत असतील तर त्यांच्याकडे मागणं थोडकं आहे. पडदा लावलेलं एक टेबल, चांगला दिवा, स्पेक्युलम हाताळता येणारी एक परिचारिका, तीन रंगांची किटं, आणि पुरुषांसाठी वेगळी खोली. बोटी १ ऑगस्टला पुन्हा दर्यात जातील. जे करायचं ते ३१ जुलैच्या आत करावं लागेल.